कोडबुकाची मर्यादा

नुसत्या ‘सन’ आंकड्यावरून, तो फसली कीं शुहूर हें ठरविल्यावांचून, मोडी कागदाचा काळ ठरवूं गेल्यास नऊ वर्षांची चूक होते. इ. स. २०११ च्या खानेसुमारीच्या कोष्टकांसही हाच न्याय लागतो. त्यांत नवी मुंबई महानगरपालिकेची लोकसंख्या ११,२०,५४७ आहे; त्याच नांवाचा पनवेलकडील भाग रायगड जिल्ह्यांत निराळा नोंदिला आहे. म्हणून नांवाची व्याप्ति कोडबुकांत प्रथम सांगितली पाहिजे.

‘पी_लिट’ या स्तंभांत साक्षरांची संख्या आहे. सात वर्षांखालील सर्व मुलें मात्र निरक्षरांत धरिलीं आहेत. एकूण लोकसंख्येंतून ‘पी_०६’ वजा न करितां प्रमाण काढल्यास शहर उगाच अडाणी ठरतें. १९८१ पर्यंत ही मर्यादा पांच वर्षांची होती; ती १९९१ पासून सातांची झाली.

स्टाटा या संगणकप्रणालींतील ‘कोडबुक’ ही आज्ञा स्तंभाचा प्रकार, लघुतम व महत्तम आंकडा आणि रिकाम्या जागा दाखविते. तेवढी यादी जोडून काम संपलें असें मानण्याचा प्रघात आम्हांस मान्य नाहीं. व्याख्या, वयोमर्यादा व प्रदेशाची सीमा आंकड्यांवरून कळत नाहीं. ती संपादकानेंच लिहून ठेविली पाहिजे. अन्यथा पुढील अभ्यासकाच्या हातीं आंकडे राहतील, अर्थ राहणार नाहीं.