उलट्या झाडाचे सुलटे नाव

काही झाडे आधी डोळ्यांना दिसतात आणि नावाने मागाहून कळतात. गोरखचिंचेकडे मात्र आपण तिचे नाव जिभेवर घोळवतच जावे, कारण तिचा अर्धा रस त्या दोन शब्दांच्या सांध्यात साठला आहे. गोरख म्हणजे अंगाला राख फासून घरदार सोडलेला नाथपंथी योगी. चिंच म्हणजे आपल्या आमटीतली, शाळेच्या फाटकाशी मीठ लावून चोखलेली, पुरती संसारी. विरक्ती आणि चटक यांना एका नावात नांदायला लावणारी ही जोडी कुणी जुळवली, त्याच्या कल्पकतेला दाद द्यावी तेवढी थोडी. शिवाय हे झाड चिंचेच्या गोतातलेही नाही. ते काटेसावरीचे भावंड, भेंडी आणि जास्वंदीच्या कुळातले.

मुंबईत अंधेरी पूर्वेला सीप्झ या निर्यात वसाहतीत अशी एक गोरखचिंच आहे. हिची पहिली भेट वैशाखात घ्यावी, अंगावर पान नसताना. बुंधा असा की त्याला खोड म्हणताना शब्द अपुरा पडावा. राखाडी, तुकतुकीत, जागोजागी सुरकुतलेली साल पाहून बसलेल्या हत्तीची पाठ आठवते, आणि एवढ्या स्थूल देहातून वर निघालेल्या फांद्या मात्र आखूड, बोटांसारख्या, आभाळात काही चाचपडणाऱ्या. आतले लाकूड भुसभुशीत, पाणी धरून ठेवणारे. कोरड्या महिन्यांची बेगमी झाड स्वतःच्या पोटातच करते. गोरखनाथ याच झाडाखाली शिष्यांना उपदेश करीत, अशी आख्यायिका आहे. ती ऐकून या राखाडी सालीकडे पुन्हा पाहिले की वाटते, झाडाखालचा योगी कुणी पाहिला असो वा नसो, झाडातला योगी मात्र लोकांना नक्की दिसला असावा.

या निष्पर्ण रूपातूनच दुसरी कथा उगवली. आफ्रिकेत सांगतात की देवाने रागाच्या भरात हे झाड उपटून उलटे रोवले, म्हणून त्याची मुळे आभाळात राहिली. आपल्याला ही प्रतिमा परकी वाटत नाही. गीतेच्या पंधराव्या अध्यायातला उलटा अश्वत्थ, आणि त्याच्यावर ज्ञानदेवांनी रमून केलेला विस्तार मराठी मनात आधीच रुजलेला आहे. एका खंडात जो देवाचा राग झाला, तोच आकार दुसऱ्या खंडात संसाराचे रूपक झाला. या दोन कल्पना समुद्राच्या दोन काठांवरून एकमेकींना ओळख देतात, आणि मधोमध हे झाड निमूट उभे असते.

पावसाच्या पहिल्या सरी आल्या की योगी पालवतो. एकेका देठाच्या टोकाशी पाच-सात पर्णिका पंजासारख्या पसरतात. शास्त्रीय नावातले ‘डिजिटाटा’ हे त्या बोटांचेच वर्णन, आणि ‘अ‍ॅडानसोनिया’ हे 1749 मध्ये सेनेगलला गेलेल्या मिशेल अ‍ॅडानसन या फ्रेंच निसर्गअभ्यासकाचे स्मरण. पाठोपाठ फुले येतात, लांब देठावर खाली लोंबणारी; दिवेलागणीला पाकळ्या मागे दुमडतात आणि आतून पुंकेसरांचा पांढरा झुबका उमलतो. वास उग्र, माणसाला फारसा न रुचणारा. पण हे आमंत्रण आपल्यासाठी नसतेच, ते वटवाघळांसाठी असते. ऑफिस सुटल्यावर माणसांची रीघ स्टेशनाकडे लागते, तेव्हा या झाडाची पाळी सुरू होते. सकाळी फुले मलूल होऊन गळू लागतात.

एकदा एक पिकून पडलेले फळ हाती लागले. वर मखमली लव, कवच लाकडासारखे टणक, हलवले की आत बियांचा खुळखुळा. दगडाने फोडले तर आत पांढरा, कोरडा, खडूसारखा भुसभुशीत गर, तांबूस धाग्यांत गुंतलेला. चिमूटभर जिभेवर ठेवला आणि तो बत्ताशासारखा विरघळला. मागे उरली स्वच्छ, हलकी आंबट चव. नावातल्या चिंचेचा उलगडा त्या क्षणी झाला. याच सुक्या फळांचे तरंडे करून कोळी जाळ्यांना बांधत. घाटकोपर-बोरीवलीच्या आपल्या गुजराती शेजाऱ्यांच्या भाषेत हीच ‘चोर आमली’, तर माळव्यात मांडूच्या किल्ल्यावर ‘खुरासानी इमली’. साधू, चोर, खुरासान, सगळे बदलत गेले. आंबटपणा मात्र सर्वांनी एकमताने ठेवला.

मुळात हा पाहुणा आफ्रिकेचा. अरब व्यापारी, हबशी खलाशी आणि सैनिक, गुलाम म्हणून आणलेली माणसे, 1534 पासून वसई आणि साष्टीवर अंमल गाजवणारे पोर्तुगीज, या सगळ्यांची गलबते याच किनाऱ्याला लागत होती. वसईच्या किल्ल्यातही गोरखचिंच आहेच. 2015 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका जनुकीय अभ्यासाने दाखवले की भारतातली ही झाडे आफ्रिकेच्या वेगवेगळ्या भागांतून, अनेक वेळा आली. कुणाच्या गाठोड्यातून बी आले त्याचे नाव उरले नाही, झाडाचे उरले. मग 1973 मध्ये जिथून माल परदेशी धाडायचा म्हणून सीप्झ वसले, तिथे हे परदेशाहून आलेले झाड पाहताना ओठांवर हसू येते. परक्याला एक साधू आणि एक आंबट चव बहाल करून घरचे करून टाकायचे, ही आपल्या भाषेची जुनी रीत. आणि सारा गाव बाहेरून येऊन वसलेल्या उपनगराला याहून शोभणारे झाड कुठले?

सांताक्रूझच्या एसव्ही रोडवरची गोरखचिंच 2024 साली मेट्रोच्या कामात गेली. तिथून जाताना मान अजून सवयीने वर होते. म्हणून आषाढातल्या एखाद्या संध्याकाळी, जिथे गोरखचिंच अजून आहे तिथे, आपण लोकल चुकली तरी चालेल एवढा वेळ काढून उभे राहावे. पांढरा झुबका उमलेल, एखादे वटवाघूळ फांदीपाशी घिरटी घालील, आणि शेजारी थांबलेला कुणी विचारील, ‘हे कसलं झाड?’ तेव्हा नाव सावकाश सांगावे, त्याच्या तोंडाला पाणी सुटेल इतके सावकाश.