हाउंड ऑफ द बास्करव्हिल्स, द

सर आर्थर कॉनन डॉइल (१८५९–१९३०) ह्या ब्रिटिश लेखकाची ख्यातनाम गुप्तहेर-कादंबरी. ऑगस्ट १९०१ ते एप्रिल १९०२ ह्या काळात ती लंडनच्या *स्ट्रँड मॅगझिन* ह्या मासिकातून क्रमशः आणि १९०२ मध्ये पुस्तकरूपाने प्रसिद्ध झाली. १८९३ मधील एका कथेत डॉइलने आपला नायक शेरलॉक होम्स ह्याचा अंत घडविला होता. वाचकांचा रोष ओढवल्यानंतर त्याने होम्सला पुन्हा आणले, ते ह्या कादंबरीतून. मात्र तिचे कथानक होम्सच्या त्या अंतापूर्वीच्या काळात घडते.

डेव्हनशरमधील ओसाड माळावर बास्करव्हिल घराण्याचा वाडा आहे. ह्या घराण्यातील ह्यूगो नावाच्या पूर्वजाने एका शेतकऱ्याची मुलगी पळवून आणली. ती निसटली, तेव्हा त्याने माळावर तिचा पाठलाग केला आणि तेथे एका राक्षसी कुत्र्याने त्याला फाडले, अशी आख्यायिका १७४२ च्या एका हस्तलिखितात नोंदलेली असते. सर चार्ल्स ह्याच्या आकस्मिक मृत्यूनंतर ह्या शापाची भीती पुन्हा जागी होते व नवा वारस सर हेन्री ह्याचे रक्षण करण्याचे काम होम्सकडे येते. शाप हे निमित्त असून, इस्टेटीवर डोळा ठेवणाऱ्या एका आप्ताने फॉस्फरस फासलेल्या कुत्र्याकरवी हे कारस्थान रचले आहे, असे अखेरीस उघड होते.

कादंबरीचे यश तिच्या रचनेत आहे. मधल्या बऱ्याच प्रकरणांत होम्स दृष्टीआड असतो. डॉ. वॉटसनची पत्रे व रोजनिशी ह्यांतूनच घटना कळत असल्यामुळे वाचकही वॉटसनबरोबर धुक्यात चाचपडतो. लंडनच्या हॉटेलातून सर हेन्रीचा नवा बूट चोरीस जातो, तो परत येतो आणि मग जुना नाहीसा होतो. ह्या क्षुल्लक वाटणाऱ्या घटनेत, कुत्रा भुताटकीचा नसून खराखुरा आहे, हे सत्य दडलेले असते. कारण वासावर सोडावयाच्या कुत्र्यासाठी वापरलेलाच बूट हवा. मात्र गुन्हेगार कोण, हे शेवटाच्या बरेच आधी स्पष्ट होते. त्यामुळे निव्वळ कोडे म्हणून ही कृती काहीशी सैल आहे आणि तिची खरी पकड वातावरणावर आहे, हा आक्षेप रास्त ठरतो. सर हेन्रीला आमिषासारखे वापरण्याची होम्सची रीतही वादग्रस्त आहे. फ्रेंच समीक्षक प्येर बायार ह्याने तर २००८ मधील आपल्या पुस्तकात होम्सचा निष्कर्षच चुकीचा असल्याची मांडणी केली आहे.

ह्या कादंबरीवर मूकपटांच्या काळापासून अनेक चित्रपट निघाले. बॅझिल रॅथबोनची भूमिका असलेला १९३९ चा अमेरिकन चित्रपट आणि टेरेन्स फिशरने दिग्दर्शित केलेला १९५९ चा ब्रिटिश रंगीत चित्रपट हे त्यांपैकी विशेष प्रसिद्ध होत. मुंबईच्या चित्रसृष्टीत तिचे सैल रूपांतर झाले, ते *बीस साल बाद* (१९६२) ह्या हिंदी चित्रपटात. बीरेन नाग ह्यांचे दिग्दर्शन, हेमंतकुमार ह्यांची निर्मिती व संगीत आणि विश्वजित व वहिदा रहमान ह्यांच्या प्रमुख भूमिका असलेला हा चित्रपट अतिशय लोकप्रिय झाला. त्यातील गीताच्या पार्श्वगायनासाठी लता मंगेशकर ह्यांना ‘फिल्मफेअर’ पारितोषिक मिळाले.

ह्या रूपांतरात तर्काची बाजू दुबळी झाली आहे. होम्सच्या तोडीचा कोणी बुद्धिमान शोधक येथे नाही. गोपीचंद हा हेर बहुतांशी विनोदापुरता आहे. कुत्र्याच्या जागी रात्री गाणाऱ्या स्त्रीचा आवाज आला असून पुराव्याचे काम संगीत व छायाप्रकाश ह्यांनी पत्करले आहे. मूळ कृतीच्या चाहत्यांना हे खटकणे साहजिक आहे. परंतु चित्रपटाने केलेला एक बदल मूलगामी आहे. येथील हत्यांमागे वारसाहक्काचा लोभ नसून, ठाकूर घराण्यातील पुरुषाने एका खेड्यातील स्त्रीवर केलेल्या अत्याचाराचा सूड आहे.

डॉइलच्या कथेत शेतकऱ्याच्या मुलीला नावदेखील नाही. तिच्यावरील अन्याय शापकथेचे निमित्त ठरतो आणि शाप खोटा ठरताच तो विस्मृतीत जातो. होम्स जमीनदाराच्या जिवाचे व मालमत्तेचे रक्षण करतो. घराण्याच्या जुन्या अपराधाचा हिशेब तो मागत नाही. पुरुषांच्या कपटाला बळी पडलेल्या स्त्रिया उत्तरार्धात येतात, त्यांच्या साक्षीने तपासाला गतीही मिळते. तथापि कथेचा केंद्रबिंदू बदलत नाही. हिंदी चित्रपटाने तो बदलला. मुंबईच्या प्रेक्षकांतील मराठी वाचकाला हा बदल अनोळखी वाटण्याचे कारण नव्हते; बाबूराव अर्नाळकरांच्या रहस्यकथांतील काळापहाड हा कायद्याच्या चौकटीबाहेर वावरणारा नायक त्याच्या परिचयाचा होता.

तात्पर्य, कादंबरी गुन्ह्याचे कोडे सोडविते, पण मूळ अन्याय विसरते. चित्रपट कोडे विस्कळीत करतो, पण अन्याय लक्षात ठेवतो. म्हणून केवळ मूळाशी असलेल्या निष्ठेच्या निकषावर *बीस साल बाद* ला उणे ठरविणे पुरेसे नाही. रहस्यकथा म्हणून कादंबरीचे श्रेष्ठत्व निर्विवाद आहे. परंतु तिने अनुत्तरित ठेवलेला प्रश्न ह्या सदोष रूपांतरामुळेच ठळकपणे नजरेस येतो.