रसिकाला उत्तर देणारा बॉट

भीमगीतांच्या कार्यक्रमात श्रोता नोट घेऊन मंचाजवळ येतो. कडवं संपलं की गायक माईकवर त्याचं नाव, गाव, रक्कम पुकारतो. ढोलकीवाला तोवर ठेका सोडत नाही. सिन्नर तालुक्यातल्या देशवंडीचे वामनदादा कर्डक (1922–2004) याच मंचावरचे. संगीत नाटकातला वन्समोअर याच्याही पुढचा, कारण तिथे रसिकाला उत्तर म्हणून पदच पुन्हा मिळायचं, आणि नट तयारीचा असेल तर वेगळ्या ताना घेऊन. नाशिकच्या पंचवटीत आश्रम काढून राहिलेल्या गायक विष्णु दिगंबर पलुस्करांनी तिकीट लावून जाहीर मैफली केल्या आणि कानसेन घडवायचा ध्यास घेतला. श्रोत्याची दखल घेणं ही आपल्याकडे जुनी कला आहे. आता ती यंत्राकडे गेली आहे, आणि माझ्या मते तिची प्रत उतरली आहे.

'कमेंटमध्ये "गाणं" लिहा, लिंक इनबॉक्समध्ये येईल', ही विनंती इन्स्टाग्रामवर सगळ्यांच्या परिचयाची आहे. मागे बॉट बसलेला असतो. ठरलेला शब्द दिसला की तयार मजकूर पाठवून मोकळा. नियमही ठरलेले: एका कमेंटला एकच खासगी उत्तर, तेही 7 दिवसांच्या आत. चाहत्याने उलट काही लिहिलं तर पुढचे 24 तास बोलायची मुभा. व्हॉट्सअॅपवर ही मुदत उलटली की कंपनीने आधी मंजूर केलेला साचाच पाठवता येतो. लिंक खरं तर वर्णनातही देता आली असती. पण कमेंटा वाढल्या की रील आणखी लोकांपुढे जाईल, हा हिशेब असतो. श्रोत्याला गाणं हवं असतं, गायकाला आकडा.

यात नवीन फारसं नाही. कॉलर ट्यूनच्या काळात समोरच्याचं गाणं आवडलं की स्टार दाबायचा, तेच गाणं आपल्या फोनवर लागायचं आणि पैसे आपोआप कापले जायचे. तक्रारी इतक्या वाढल्या की 2013 मध्ये ट्राय या दूरसंचार नियामकाला अशा सेवांसाठी दोनदा होकार घेण्याचं बंधन घालावं लागलं. तरीही एक कबूल केलं पाहिजे, त्या स्टारला उत्तर म्हणून निदान गाणं तरी मिळत होतं.

नाशिक जिल्ह्यात ही स्वयंचलित उत्तरं कुठे अडखळतात ते पाहायचं तर अहिराणी गाण्यांकडे वळावं. बागलाण, मालेगाव, कळवणचा श्रोता रोमन लिपीत 'भारी शे भाऊ, नवं गाणं कव्हय?' असं विचारतो. बॉटला शिकवलेला शब्द 'लिंक'. तो गप्प बसतो, नाहीतर पुस्तकी मराठीत 'प्रिय चाहते, आपल्या प्रेमाबद्दल आभार' असं पाठवतो, वर नावाच्या जागी 'साई किंग 07' असलं काहीतरी. ज्या गाण्याची सगळी मिजास बोलीवर, त्याच्या वतीने बोलणारा मात्र बँकेच्या काउंटरवरचा! हा दोष यंत्राचा नाही. मजकूर कुणीतरी माणसानेच लिहिला, किंवा उसना घेतला. गीतकार चार ओळी अहिराणीत लिहून देऊ शकला असता.

जळगावकडच्या संजू राठोडचं 'गुलाबी साडी' 2024 मध्ये देशभर गेलं, कारण लोकांनी त्यावर स्वतःचे रील केले. अशा रीलला तयार आभारपत्र पाठवणं हा शुद्ध अरसिकपणा. तिथे गायकाने स्वतः दोन शब्द लिहावेत, नाहीतर शांत राहावं.

पण कार्यक्रम कुठे, किती वाजता, तिकीट कसं, याची उत्तरं बॉटने खुशाल द्यावीत. तिथे तो माणसापेक्षा तत्पर असतो आणि कंटाळत नाही. त्याच ओघात 'तुमचं गाव कोणतं?' एवढं विचारून घेतलं तर लग्नसराईत आणि जत्रांच्या दिवसांत सटाण्याला जायचं की चांदवडला, हे ठरवता येईल. ही साधी गोष्ट फारशी कुणी करताना दिसत नाही. केली तरी चाहत्यांच्या गावांची ही यादी कोणाची, हा प्रश्न उरतोच. गाण्याचं चॅनेल निर्मात्याचं, बॉटचं खातंही निर्मात्याचं. गायकाने उद्या दुसऱ्या बॅनरखाली गायचं ठरवलं तर त्याच्या आवाजावर जमलेली गावंच्या गावं जुन्या खात्यातच राहतात. करारपत्रात मानधन आणि हक्क यांच्या शेजारी या यादीचंही एक कलम असायला हवं.