पाणी पिणारा कागद

डार्करूममध्ये छपाई करणाऱ्यांत एक वर्णव्यवस्था आहे. फायबर कागदावर छापतो तो कलावंत, आरसीवर छापतो तो शिकाऊ. गॅलरीवाले, संग्राहक आणि बहुतेक समीक्षक ही उतरंड मुकाट्याने मान्य करतात. मी दोन्ही कागदांवर छापतो, प्रदर्शनांबद्दल अधूनमधून लिहितो, आणि मला ही उतरंड तपासून बघावीशी वाटते.

आधी वस्तू समजून घेऊ. दोन्ही कागदांवर चित्र घडतं ते जिलेटिनमधल्या चांदीच्या कणांनी. फरक त्याखाली आहे. फायबरमध्ये खराखुरा कागद असतो आणि त्यावर बेरियम सल्फेटचा पांढराशुभ्र थर, म्हणजे बरायटा. आरसीमध्ये कागदाच्या दोन्ही बाजूंना पॉलिएथिलीन चढवलेलं असतं. आरसी म्हणजे ‘रेझिन कोटेड’. मराठीत आरसी म्हणजे लहान आरसा, आणि चकचकीत आरसी प्रिंटला ते नाव योगायोगाने शोभतंही.

या एका फरकातून बाकी सगळं येतं. फायबर पाणी पितो, पाण्याबरोबर रसायनंही पितो. त्याच्या धाग्यांत शिरलेला फिक्सर बाहेर काढायला वाहत्या पाण्यात तासभर धुवावं लागतं. मध्ये वॉशिंग एडचा ट्रे ठेवला तर वीसेक मिनिटांत भागतं. आरसीचं प्लॅस्टिक रसायनांना आत येऊच देत नाही, म्हणून दोन मिनिटांत धुणं संपतं. तो दोरीवर टांगला की अर्ध्या तासात सपाट वाळतो. फायबर वाळताना पापडासारखा वळतो, त्याला दाबून सरळ करावं लागतं.

फायबरच्या बाजूने पहिला युक्तिवाद असतो टिकाऊपणाचा. त्यात तथ्य आहे. १९७०च्या दशकातल्या काही आरसी कागदांना तडे गेले. काचेमागे बंद करून उजेडात टांगलेल्या काही प्रिंटांमधली चांदी ऑक्सिडाइझ होऊन तांबूस, चंदेरी डाग उमटले. पुढे कागदात स्टॅबिलायझर आले, टोनिंगनेही चांदीला संरक्षण मिळतं. मात्र फायबरचं दीर्घायुष्य ही कागदाची जात नाही, ती धुणाऱ्याची चिकाटी आहे. अर्धवट धुतलेला फायबर प्रिंट आत राहिलेल्या हायपोने पिवळा पडतो, आणि नीट छापलेला आरसी प्रिंट त्याला सहज मागे टाकू शकतो.

दुसरा युक्तिवाद सौंदर्याचा. प्रिंट हातात घेतला तर मलाही तो पटतो. वाऱ्यावर वाळलेल्या ग्लॉसी फायबरची चमक मंद असते, काळा रंग कागदाच्या आत मुरल्यासारखा दिसतो. पण तोच प्रिंट फ्रेममध्ये, काचेमागे, चार फुटांवरून बघा. फरक कितीतरी कमी होतो. फोनच्या स्क्रीनवर तर तो उरतच नाही. आणि आज ज्याला कलेचा कागद म्हणतात तो कधीकाळी सगळ्यांचाच कागद होता. १९५०च्या दशकातले घरच्या अल्बममधले लग्नाचे, मुंजीचे काळे-पांढरे फोटो फायबरवरच आहेत. गल्लीतल्या स्टुडिओला आरसीचा पर्यायच नव्हता. पर्याय आला आणि जुना कागद उच्चकुलीन झाला.

वॉल्टर बेंजामिनने १९३६ साली प्रसिद्ध झालेल्या निबंधात म्हटलं होतं, की एका निगेटिव्हवरून कितीही प्रिंट निघतात, तेव्हा त्यातला ‘अस्सल’ कोणता हे विचारण्यात अर्थ नाही. अॅन्सेल अॅडम्सचा ‘मूनराइझ, हर्नांडेझ, न्यू मेक्सिको’ या विधानाची चांगली परीक्षा घेतो. निगेटिव्ह एकच, १९४१चं. त्यावरून अॅडम्सने आयुष्यभरात तेराशेहून अधिक प्रिंट काढले. सुरुवातीच्या प्रिंटांत आभाळ करडं आहे, त्यात ढगांच्या फिकट रेषा दिसतात. नंतरच्या प्रिंटांत तेच आभाळ जवळजवळ काळं होतं, आणि खालचे क्रूस त्या काळोखात एकटे उजळतात. पहिल्यात एक संध्याकाळ आहे, दुसऱ्यात एक निवाडा. बेंजामिन म्हणतो तसा अस्सल प्रिंट इथे नाही, पण एकसारखे दोन प्रिंटही नाहीत. हा बदल घडवला एन्लार्जरखाली आभाळाला वाढीव प्रकाश देणाऱ्या हातांनी. त्याचं श्रेय कागदाला देणं म्हणजे गाण्याचं श्रेय तंबोऱ्याला देणं.

म्हणजे कागद बिनमहत्त्वाचा आहे का? व्हिव्हियन मायरचं उदाहरण घ्या. शिकागोत मुलं सांभाळणारी ही बाई २००९ साली वारली. मागे लाखाहून अधिक निगेटिव्ह राहिली, अनेक रोल तर डेव्हलपही झाले नव्हते. तिची बहुतेक चित्रं आपण बघतो ती तिच्या मृत्यूनंतर इतरांनी छापलेली आहेत. कुठलं निगेटिव्ह निवडायचं, काळा रंग किती खोल ठेवायचा, आकार केवढा, समास किती रुंद, कागद कुठला, हे त्या प्रिंटांबाबत तिने ठरवलेलं नाही. इथे कागद अर्थ लावतो. भारदस्त कागद आणि रुंद पांढरा समास आपल्याला आधीच सांगून टाकतात, की ही महान कलावंत आहे. ती असेलही. पण हा निकाल चित्राने दिला की मांडणीने, हे तपासणं समीक्षेचं काम आहे.

माझा स्वतःचा हिशेब साधा आहे. नळ मिनिटाला ४ लिटर सोडला तर तासाभरात २४० लिटर पाणी जातं. ज्या सोसायटीत उन्हाळ्यात टँकर येतो तिथे हा आकडा तांत्रिक राहत नाही. म्हणून मी सगळं आधी आरसीवर छापतो आणि तीन आठवडे भिंतीवर लावून ठेवतो. त्यानंतरही जे चित्र डोळ्यांत खुपत राहतं तेच फायबरवर जातं. त्यातही फायबर ओला असताना दिसतो त्याहून वाळल्यावर गडद होतो. म्हणजे समोरच्या प्रिंटवर विश्वास न ठेवता उद्याचा प्रिंट कल्पावा लागतो. ही शिस्त मला आवडते, पण ती आरसीवर काम करणाऱ्याला कमी लेखण्याचा परवाना देत नाही.

तुम्ही प्रदर्शनाला जाल तेव्हा चित्राखालची पट्टी वाचा. बहुधा ‘सिल्व्हर जिलेटिन प्रिंट’ एवढंच असेल. ते फायबरलाही लागू पडतं आणि आरसीलाही. पट्टीवर निगेटिव्हचं साल, छपाईचं साल, छापणाऱ्याचं नाव आणि कागद, या चार गोष्टी हव्यात. नसतील तर तिथे बसलेल्या माणसाला विचारा. उत्तर मिळालं नाही, तर समोरच्या चित्रात कुणाचा किती वाटा आहे हे तुमच्यापासून लपलेलं आहे, इतकं तरी कळेल.