अन्नातील नॅनोकण : एका निवाड्याची समीक्षा

मे २०२१ मध्ये युरोपीय अन्न सुरक्षा प्राधिकरणाने टायटॅनियम डायऑक्साइडविषयीचे आपले मत प्रसिद्ध केले. ई १७१ या क्रमांकाने ओळखला जाणारा हा पांढरा रंग च्युइंगममध्ये, गोळ्यांच्या कवचावर आणि केकवरच्या साखरेच्या थरात वापरला जात असे. ‘हा पदार्थ अन्नात मिसळण्यासाठी यापुढे सुरक्षित मानता येत नाही’, असा प्राधिकरणाच्या तज्ज्ञमंडळाचा निष्कर्ष होता. पशुखाद्यात रंग म्हणून वापरण्याची परवानगी नोव्हेंबर २०२१ मध्ये नाकारली गेली. माणसाच्या अन्नातील वापरावर जानेवारी २०२२ मध्ये बंदीचा नियम निघाला आणि सहा महिन्यांच्या मुदतीनंतर, ऑगस्ट २०२२ पासून, ती पूर्णपणे अमलात आली.

या निष्कर्षाचे दोन टोकाचे अर्थ लावले जातात. एक असा की, इतकी वर्षे लोक विष खात होते. दुसरा असा की, घाबरट अधिकाऱ्यांनी एका निरुपद्रवी भुकटीचा बळी दिला. आमच्या मते दोन्ही अर्थ मूळ मत न वाचता लावलेले आहेत. ते वाचले की त्यातली बलस्थाने दिसतात, तशाच उणिवाही दिसतात.

आधी मूळ अडचण पाहू. नॅनो म्हणजे अब्जांश. एक नॅनोमीटर म्हणजे मीटरचा अब्जावा भाग. एक सेंटिमीटर बाजूचा घन घ्या. त्याचे पृष्ठफळ ६ चौरस सेंटिमीटर. आता त्याचे १०० नॅनोमीटर बाजूचे घन केले, अशी कल्पना करा. वजन तेवढेच राहील. पण एकूण पृष्ठफळ ६० चौरस मीटर, म्हणजे एखाद्या प्रशस्त वर्गखोलीच्या जमिनीएवढे होईल! पदार्थाची शरीराशी गाठ पडते ती पृष्ठभागावर. शिवाय इतके लहान कण मोठ्या कणांना बंद असलेल्या वाटांनी पेशींत शिरू शकतात. विषशास्त्राचा नेहमीचा हिशोब मात्र शरीराच्या दर किलोग्रॅम वजनामागे किती मिलिग्रॅम, असा वजनावर चालतो. रासायनिक सूत्र तेच, वजन तेच आणि वागणूक मात्र वेगळी, अशा पदार्थापुढे हा हिशोब अपुरा पडतो.

ई १७१ चे उदाहरण मोठे बोलके आहे. पांढरेपणासाठी २०० ते ३०० नॅनोमीटरचे कण सर्वांत उपयोगी, कारण दृश्य प्रकाश ते उत्तम विखुरतात. त्याहून फार लहान कण जवळजवळ पारदर्शक वाटतात. म्हणजे या भुकटीतील नॅनोकण रंगाच्या फारसे कामाचे नाहीत. दळलेल्या पिठात बारीक भुगा यावा तसे ते सोबत येतात. एक भोपळा आणि मूठभर मोहरी एका पिशवीत घातली तर वजनात भोपळा भारी, संख्येत मोहरी. तसेच इथे आहे. युरोपीय आयोगाच्या २०११ च्या व्याख्येप्रमाणे संख्येने निम्मे किंवा अधिक कण १ ते १०० नॅनोमीटरचे असतील तर तो नॅनोपदार्थ. ई १७१ मध्ये अशा कणांचे प्रमाण फार तर निम्मे असल्याचे आढळले. ‘व्याख्येत बसत नाही’ असे म्हणून हात झटकता आले असते. तज्ज्ञमंडळाने तसे केले नाही. नॅनोकण आहेत ना, मग त्यांच्यासाठीची तपासणी लागू, अशी भूमिका घेतली. हे या मताचे पहिले बलस्थान.

ही तपासणी प्राधिकरणाने २०११ मध्ये प्रथम आखली आणि २०१८ व २०२१ मध्ये सुधारली. तिची पायरी-पायरीची रचना शिक्षकांना आवडावी अशी आहे. पहिला प्रश्न : कण नेमके कसे आहेत? दुसरा : ते पचनमार्गात टिकतात की विरघळतात? कृत्रिम आतड्यातील ३० मिनिटांच्या पचनानंतर १२ टक्के किंवा कमी पदार्थ कणरूपात उरला आणि घट सतत होत राहिली, तर तो झपाट्याने विरघळणारा. (दर १० मिनिटांनी निम्मे उरत गेले तर ३० मिनिटांनी किती, हे विद्यार्थ्यांना विचारावे.) टायटॅनियम डायऑक्साइड विरघळत नाही, म्हणून पुढच्या पायऱ्या चढाव्याच लागतात. तिथेही सावधगिरी आहे. जनुकीय बदल शोधण्याची जीवाणूंवरची प्रसिद्ध एम्स चाचणी इथे भरवशाची नाही, कारण जीवाणूच्या भिंतीतून कण आत शिरतील याची खात्री नसते. आत न गेलेल्या कणाने काही बिघडवले नाही, याला पुरावा म्हणता येत नाही.

आता उणिवांकडे वळू. निष्कर्षाचे वाक्य ठाशीव आहे. पण त्यामागचा पुरावा तसा एकसंध नाही. ई १७१ दररोज दर किलोग्रॅम वजनामागे १,००० मिलिग्रॅमपर्यंत देऊनही प्राण्यांच्या अवयवांवर वा प्रजननावर दुष्परिणाम दिसले नाहीत, असे हेच मत सांगते. आतड्यातून फार थोडे शोषले जाते, पण शोषलेले शरीरात साठू शकते, हेही सांगते. चिंतेचा मुद्दा एकच उरतो : हे कण डीएनएचे धागे तोडू शकतात आणि गुणसूत्रांना इजा करू शकतात, असे काही प्रयोगांत दिसले. कणांच्या कोणत्या गुणधर्माशी त्याचा संबंध आहे, ते मात्र स्पष्ट झाले नाही. म्हणून धोका ‘नाकारता येत नाही’. ‘धोका आहे’ आणि ‘धोका नाकारता येत नाही’ यांतले अंतर मोठे आहे. शेवटच्या वाक्यात ते पुसट होते, आणि सामान्य वाचक तेवढेच वाक्य वाचतो.

दुसरी उणीव नमुन्यांची. अमेरिकेच्या राष्ट्रीय कर्करोग संस्थेने १९७९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात उंदीर-घुशींना खाद्यातून ५ टक्क्यांपर्यंत टायटॅनियम डायऑक्साइड दिले होते; त्यातून कर्करोग आढळला नाही. फ्रान्समध्ये २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात ई १७१ पाण्यात विखरून १०० दिवस दिले, तेव्हा काही उंदरांच्या मोठ्या आतड्यात कर्करोगपूर्व बदल दिसले. खाद्यात गुठळ्या होऊन गेलेले कण आणि पाण्यात सुटे झालेले कण ही एकच गोष्ट मानायची का? शिवाय मंडळाने ई १७१ बरोबर प्रयोगशाळेसाठी बनवलेल्या निव्वळ नॅनोकणांवरचे प्रयोगही विचारात घेतले. त्यांना किती वजन द्यायचे, यावरच शास्त्रज्ञांत मतभेद आहेत. ब्रिटन आणि कॅनडातील तज्ज्ञांनी युरोपचा निष्कर्ष मान्य केला नाही. अन्न व कृषी संघटना आणि जागतिक आरोग्य संघटना यांच्या संयुक्त समितीनेही २०२३ मध्ये, दैनिक सेवनाची मर्यादा ठरवण्याची गरज नाही, हे आपले जुने मत कायम ठेवले.

मग बंदी चुकीची होती का? आम्हाला तसे वाटत नाही. धोका किती हे ठरवणे शास्त्रज्ञांचे काम; तो पत्करायचा की नाही हे ठरवणे शासनाचे. या रंगाने अन्नाचे पोषण वाढत नाही, ते अधिक टिकतही नाही. फक्त पांढरे दिसते. एवढ्या लाभासाठी, विशेषतः मुलांच्या खाऊत, अनुत्तरित शंका का बाळगावी? औषधांच्या बाबतीत हिशोब वेगळा होता, म्हणून त्याच २०२२ च्या नियमाने औषधांतील वापर चालू ठेवला. आमची तक्रार दुसरीच आहे. नॅनोकणांच्या कर्करोगकारकतेवर योग्य रचनेचा एकही अभ्यास उपलब्ध नाही, असे मंडळानेच नोंदवले. बंदीनंतर तो अभ्यास करण्याची घाई कोणाला उरणार? पदार्थ बाजारातून जाईल आणि प्रश्न तसाच राहील.

हा प्रश्न आपल्यापासून दूर नाही. केंद्र सरकारच्या जैवतंत्रज्ञान विभागाने शेती व अन्नातील नॅनो-उत्पादनांच्या मूल्यमापनासाठी जुलै २०२० मध्ये मार्गदर्शक तत्त्वे प्रसिद्ध केली. अशी उत्पादने आपल्याकडे येत राहतील आणि ‘पूर्ण सुरक्षित’ व ‘जीवघेणे’ हे दोन्ही शब्द मोकळेपणी वापरले जातील.

वर्गात खाऊच्या पुड्यावर १७१ हा क्रमांक सापडला आणि ‘सर, हे विष आहे का?’ असा प्रश्न आला, तर एका शब्दात उत्तर देऊ नये. कण कोणता तपासला, कशातून दिला, किती दिला आणि काय शोधले, हे चार प्रश्न फळ्यावर लिहावेत. पुढच्या वेळी बातमी कोणत्याही पदार्थाची असली, तरी हे चार प्रश्न विद्यार्थ्यांच्या उपयोगी पडतील.