लॉब्स्टरचा निबंध आणि चिंबोरीचा रस्सा

गेल्या मे महिन्यात लेक कॉलेजचं पहिलं वर्ष संपवून घरी आली. माझी आई तेव्हा अलिबागहून आमच्याकडे, बॉस्टनजवळ, सहा महिन्यांसाठी आलेली होती. इतक्या दिवसांनी तिघी एकत्र, म्हणून शनिवारी मी चायनीज दुकानातून डझनभर जिवंत चिंबोऱ्या आणल्या. आईने पिशवी सिंकमध्ये रिकामी केली, पदर खोचला आणि एकेक चिंबोरी मागून धरून नांग्या मोडायला सुरुवात केली. लेक दारात उभी राहून बघत होती.

"आज्जी, त्यांना दुखत नसेल का गं?"

आई हात न थांबवता म्हणाली, "दुखणारच की. म्हणून तर पटापट करायचं."

लेक काही न बोलता वर गेली. रात्री जेवायला बसली ती वरणभात घेऊन. नंतर माझ्या हातात एक झेरॉक्स ठेवली आणि म्हणाली, "आधी हे वाच, मग बोलू." डेव्हिड फॉस्टर वॉलेसचा 'कन्सिडर द लॉब्स्टर'. तिला लेखनाच्या वर्गात लावलेला. इथे मुलं कॉलेजात गेलेल्या बऱ्याच घरांत हा निबंध कधी ना कधी शिरला असणार. मी तो त्या रात्री वाचला, त्यानंतर आणखी तीनदा. माझं त्याच्याशी भांडण आहे, पण ते लेकीला वाटतं ते नाही.

ज्यांनी वाचला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. 'गुर्मे' नावाचं एक बडं खाद्यमासिक होतं, २००९ मध्ये बंद पडलं. त्याने २००३ च्या उन्हाळ्यात वॉलेसला मेन राज्यातल्या रॉकलंड गावी लॉब्स्टर महोत्सवावर लिहायला पाठवलं. अपेक्षा अशी असणार की लोण्यात बुडवलेल्या लॉब्स्टरचं चार पानी कौतुक येईल. ऑगस्ट २००४ च्या अंकात जे छापून आलं, त्याची सुरुवात जत्रेच्या वर्णनाने होते: पाच दिवसांत ऐंशी हजार माणसं, पंचवीस हजार पौंडांहून जास्त लॉब्स्टर, ते उकडायला जगातलं सर्वांत मोठं म्हणवणारं भांडं, लांबलचक रांगा, थर्माकोलच्या थाळ्या. मग तो हळूच विचारतो, केवळ आपल्या जिभेसाठी एका जिवाला जिवंत उकडणं बरोबर आहे का? आणि तिथून पुढे निबंध त्या प्रश्नाला सोडत नाही.

त्यातला सर्वांत ताकदीचा भाग स्वयंपाकघरातला आहे. भांड्यात सोडताना लॉब्स्टर कसा कडेला धरून राहतो, झाकण ठेवल्यावर आतून कसं खडखडतं, आणि काही माणसं टायमर घेऊन चक्क दुसऱ्या खोलीत कशी जाऊन बसतात. हे त्याने कुठेही आवाज न चढवता लिहिलंय. मज्जातंतू, मेंदू, वेदना म्हणजे नक्की काय, हा सगळा किचकट भाग तो समोर बसून सांगितल्यासारखा सांगतो. शेवटी तो स्वतःला सोडवून घेत नाही हेही मला आवडलं. आपल्याला मांस खायला आवडतं, ते सोडायचं नाहीये, आणि त्याचं नीट समर्थनही आपल्याला करता येत नाही, असं तो कबूल करतो. 'गुर्मे'च्या पानावर, त्या मासिकाच्या वाचकांसमोर हे लिहायला धीर लागतो.

आता भांडण. या निबंधात लॉब्स्टरच्या वेदनेबद्दल दोन बाजू आहेत. एक स्थानिक लोकांची. विमानतळावरून आणणारा ड्रायव्हर सांगतो की लॉब्स्टरच्या मेंदूत दुखण्याचा भागच नसतो, आणि धंद्याची प्रसिद्धीपत्रकंही तेच छापतात. दुसरी बाजू प्राणिहक्कवाल्यांची: दुखतं, म्हणून खाऊ नका. वॉलेस या दोहोंच्या मध्ये उभा राहून अस्वस्थ होतो. दुखत नाही म्हणून खा, किंवा दुखतं म्हणून सोडा. दुखतं हे पक्कं माहीत असून स्वतःच्या हाताने मारणारं माणूस त्याला अख्ख्या महोत्सवात भेटत नाही. भेटलं असतं तरी त्याने त्याचं काय केलं असतं, मला सांगता येत नाही. माझ्या सिंकपाशी ते उभं होतं.

याचं कारण मला असं वाटतं की वॉलेस पकडणाऱ्यांकडे गेलाच नाही. निबंधात तंबू आहेत, रांगा आहेत, भांडी आहेत, पण बोटीवरची एक सकाळ नाही. मेनच्या लॉब्स्टरवाल्याला प्रत्येक लॉब्स्टर पट्टीने मोजावा लागतो. डोळ्याच्या खाचेपासून पाठीच्या कवचाचं माप सव्वातीन इंचांहून कमी भरलं तर तो परत पाण्यात. पाच इंचांहून जास्त भरलं तरी परत. पोटाखाली अंडी असलेली मादी सापडली तर तिच्या शेपटीच्या पंख्यावर इंग्रजी व्ही आकाराची खाच पाडून सोडतात. पुढे ती ज्याच्या पिंजऱ्यात सापडेल त्याने ती खाच बघून, अंडी नसली तरी, तिला पुन्हा सोडायचं. ही माणसं लॉब्स्टरचा विचार रोज करतात, हातात धरून करतात. तो वेदनेचा विचार नाही हे मान्य. पण निबंधाचं नावच 'लॉब्स्टरचा विचार करा' असं असताना हा विचार बाहेर राहावा, हे खटकतं.

आपल्याकडे हेही झालं नाही, हे इथेच सांगून टाकते, नाहीतर मी माहेरची बढाई मारते आहे असं वाटेल. (आपली शेवंड आणि मेनचा लॉब्स्टर हे तसे वेगळे प्राणी. शेवंडीला त्या जाडजूड नांग्या नसतात, लांब काटेरी मिशा असतात. म्हणून मी इथे लॉब्स्टरला लॉब्स्टरच म्हणतेय.) मुंबईच्या समुद्रात चपट्या अंगाची, वाळूत राहणारी एक जात भरपूर मिळायची. ट्रॉलरच्या जाळ्यांनी लहानमोठं, अंड्यांचं, बिनअंड्यांचं सगळं खरवडून काढलं आणि १९९० च्या दशकाच्या मध्यापर्यंत ती मासेमारी संपली. पावसाळ्यातली १ जून ते ३१ जुलैची बंदी आहे, नारळी पौर्णिमेला नारळ सोडायचा रिवाज आहे, पण त्या खाचेइतकी साधी गोष्ट आपल्याला सुचली नाही.

निबंधात एक लांब तळटीप आहे, तिचा लॉब्स्टरशी थेट संबंध नाही, पण परदेशात राहणाऱ्या माणसाने ती जरूर वाचावी. वॉलेस म्हणतो की आपल्याच देशात पर्यटक होऊन फिरण्यात त्याला अपमान वाटतो. जी जागा बघायला जायचं ती आपल्या जाण्यानेच बिघडते. लेकीच्या प्रतीवर या तळटिपेशेजारी तिने 'सो ट्रू' लिहिलंय. ती इथेच जन्मली, तिला ते खरं वाटणार. मला मात्र हसू आलं. चोवीस वर्षं इथे राहून मी मेनला जाते तेव्हा पर्यटक असते, आणि अलिबागला जाते तेव्हा रिक्षावाला "कुठल्या रिसॉर्टला?" असं विचारतो. वॉलेसला जे सुट्टीपुरतं लागतं ते आपल्याला बारा महिने पुरतं. म्हणून असेल, पण पानावर काय वाढलं जातं त्याला आपण इतकं चिकटून राहतो. लेकीने चिंबोरी नाकारली तेव्हा मला चिंबोरीबद्दल वाईट वाटलं नाही, आईच्या समोर नाकारली याचं वाटलं.

खाऊ नये याची कारणं आपल्या किनाऱ्यावर नव्हती असं नाही, फक्त त्यांत वेदनेचं नाव नव्हतं. आमच्या घरी श्रावणात आणि गुरुवारी बंद. शेजारच्या आळीतल्या बेने इस्रायली मावशी बाजारात आमच्याबरोबर यायच्या, पण चिंबोरी, कोलंबी, खुबे, कालवं यांच्या टोपल्यांपुढे थांबायच्या नाहीत. त्यांच्यात एक कथा सांगतात. डेव्हिड रहाबी नावाचा ज्यू प्रवासी कोकणात आला. ही तेल गाळणारी, शनिवार पाळणारी माणसं खरोखर आपलीच का, हे बघायला त्याने बायकांना तऱ्हेतऱ्हेचे मासे शिजवायला दिले. त्यांनी खवले आणि पर असलेले मासे तेवढे वेगळे काढले, बाकीचे बाजूला सारले, आणि त्याला ओळख पटली. म्हणजे चिंबोरी न खाण्यावरून एक अख्खा समाज ओळखला गेला. अशा नियमाला दुखण्याचा पुरावा लागत नाही. पण हेही खरं की गुरुवारी वाचलेली चिंबोरी शुक्रवारी तितकीच दुखत मरते. पंचांगाने माणसाचं मन राखलं जातं, चिंबोरीचं काही राखलं जात नाही. इथे वॉलेसचा प्रश्न आमच्यापेक्षा सरळ आहे.

आणि त्याच्या नंतरच्या वीस वर्षांत उत्तर त्याच्याच बाजूने झुकत गेलं. बेलफास्टच्या क्वीन्स विद्यापीठातले रॉबर्ट एल्वुड यांनी किनाऱ्यावरच्या खेकड्यांना दोन अंधारे आडोसे दिले, त्यातल्या एकात विजेचा सौम्य धक्का ठेवला. खेकडे धक्क्याचा आडोसा टाळायला शिकले. नुसतं दचकून मागे सरणं आणि लक्षात ठेवून टाळणं यांत फरक आहे, एवढाच त्यांचा मुद्दा. स्वित्झर्लंडने २०१८ पासून लॉब्स्टरला बेशुद्ध न करता उकळत्या पाण्यात टाकायला बंदी केली. ब्रिटनमध्ये २०२१ मध्ये लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्सच्या जोनाथन बर्च आणि सहकाऱ्यांनी सरकारसाठी अहवाल तयार केला. त्यानंतर २०२२ च्या कायद्यात खेकडे, लॉब्स्टर, कोलंबी यांना संवेदना असलेले प्राणी म्हणून धरलं गेलं.

तो अहवाल मी वाचला आणि मला सिंक आठवलं. शुद्धीवर असलेल्या प्राण्याला मारायच्या ज्या पद्धती टाळाव्यात म्हणून त्यात सांगितल्या आहेत, त्यांत उकळणं आहेच, आणि शेजारीच आहे जिवंतपणी अवयव तोडणं. म्हणजे आईची पद्धत. नांग्या आधी मोडायच्या, कारण चावते. मग पाय, मग पाठ उचकटायची. "पटापट" हा शब्द तिने दयेने वापरला होता, पण त्या पटापटीतही क्रम उलटा होता. वॉलेसच्या निबंधात आई असती तर त्या ड्रायव्हरपेक्षा ती नक्कीच खरी ठरली असती. निर्दोष ठरली नसती. मला हे लिहायला जड जातंय, कारण तिने पन्नास वर्षं याच हातांनी आम्हाला वाढलंय, आणि कधीही ते काम कुणावर ढकललं नाही की दुसऱ्या खोलीत गेली नाही.

लेकीशी बोलणं झालं ते असं. ती म्हणाली, "दुखतं हे माहीत असून करणं जास्त वाईट ना?" मी म्हणाले, माहीत नसल्याचं सोंग घेण्यापेक्षा बरं. ती म्हणाली, ज्या प्राण्याला दुखतंय त्याला काय फरक पडतो? याला माझ्याकडे उत्तर नव्हतं, आजही नाही. मग तिनेच विचारलं, तिसऱ्यांचं काय? ब्रिटनच्या कायद्यात शिंपलेवाले आलेले नाहीत. तिसऱ्या, कालवं, खुबे यांना मेंदू म्हणावा असा मेंदू नसतो, नुसत्या मज्जातंतूंच्या गाठी. वॉलेसने आपला प्रश्न लॉब्स्टरपुरता ठेवला, म्हणून त्याचा वाचक सगळं कवचवालं एकाच टोपलीत टाकतो. आपल्या बायका ओहोटीला खडकावर वाकून कालवं काढतात तिथे दुखण्याचा प्रश्न असलाच तर आधी त्यांच्या कमरेचा आहे. लेक तिसऱ्या खाते, हे त्या संध्याकाळी ठरलं. आईने दुसऱ्या दिवशी एकशिपी केली, एका शिंपीतलं मांस ठेवून दुसरी शिंपी टाकून, वर खोबरं आणि कोकम. तिने दोनदा घेतली.

चिंबोऱ्या मी ऑगस्टमध्ये पुन्हा आणल्या. या वेळी एक चित्र बघून शिकले होते: चिंबोरी उताणी धरायची, पोटावरची झडप उचलून तिच्याखाली एकदा आणि डोळ्यांच्या मागे एकदा, अशा दोन ठिकाणी अणकुचीदार टोच्याने पटकन टोचायचं. तिथे मज्जातंतूंच्या गाठी असतात. मोडायचं ते नंतर. पहिल्या दोघींना माझा हात चुकला. आई मागे उभी होती. तिसरीला म्हणाली, "तुझ्यापेक्षा माझं लवकर होत होतं." ते खरं होतं. सहावीपर्यंत माझा हात बसला, तेव्हा तिने टोचा माझ्याकडून घेतला आणि उरलेल्या सहा तिने केल्या.

बारीक पाय तिने नेहमीसारखे वाटले, इथे पाटा नाही म्हणून मिक्सरमध्ये, आणि गाळून ते पाणी रश्शात घातलं, दाटपणासाठी. लेकीने चिंबोरी घेतली नाही. रस्सा भातावर घेतला, आणि त्यात काय आहे ते आम्ही दोघींनी तिला सांगितलं नाही.