लेखन-कार्यशाळा आणि ८० जणांचा वर्ग

नॅन्सी ॲटवेल या अमेरिकन शिक्षिकेचे ‘इन द मिडल’ हे पुस्तक १९८७ साली आले. मुलांनी आपल्या निवडीचे वाचावे, आपल्याच विषयावर लिहावे, पुन्हा लिहावे. शिक्षकाने आरंभी छोटा पाठ द्यावा आणि मग बाकांमधून हिंडत एकेकाशी बोलावे, असा त्यातला कार्यशाळेचा मार्ग आहे. दरवर्षी ‘माझा आवडता ऋतू’ फळ्यावरून उतरवून घेतलेल्या आम्हाला तो हवासा वाटणारच.

पण पुस्तक जन्मले मेन राज्यातल्या छोट्या गावात. माझ्या वर्गात ८० जण, तास ४५ मिनिटांचा. सहकारी म्हणतात, आपल्याकडे हे जमायचे नाही. का नाही? ५ मिनिटांचा पाठ, मग ८ जणांशी प्रत्येकी ५ मिनिटे. १० तासांत वर्ग पुरा होतो. ८० वह्या घरी नेऊन लाल शाईने रंगवायच्या नाहीत. एका वहीत एकच गोष्ट सुधारायची. कोण कुठवर आले याची हजेरीसारखी नोंद ठेवायची. ही युक्ती ॲटवेलबाईंचीच. वाचनाचे मात्र अवघड आहे. पुस्तके कुलूपबंद कपाटात असतील तर निवड कसली?

माझा खरा आक्षेप वेगळा आहे. लिसा डेल्पिट या कृष्णवर्णीय शिक्षिकेने १९८६ साली ‘हार्वर्ड एज्युकेशनल रिव्ह्यू’मध्ये लेखन-प्रक्रियेच्या या चळवळीलाच जाब विचारला. सुस्थित गोरे मूल लेखनाचे संकेत घरीच शिकते. ते उघडपणे शिकवलेच नाहीत, तर कृष्णवर्णीय मुलाने ते आणायचे कोठून? १९९८च्या आवृत्तीत ॲटवेल यांनीही थेट शिकवण्याला अधिक जागा दिली, हे नोंदवले पाहिजे.

आपल्याकडचे पांढरपेशे मूल ‘न’ आणि ‘ण’ घरूनच घेऊन येते. माझ्या घरी अर्ज कसा लिहावा हे सांगणारे कोणी नव्हते. ‘पानी’ लिहिणाऱ्याला हसणे ही मुजोरी आहेच. पण ‘तुझी बोली गोड आहे’ म्हणत त्याला तसाच सोडणे, हीही फसवणूकच. स्पर्धा परीक्षेचा तपासनीस त्या गोडव्याला गुण देत नाही. दया पवारांना दोन्ही मराठी येत होत्या, म्हणूनच ‘बलुतं’मध्ये कोणती कुठे वापरायची हे त्यांनी ठरवले.

म्हणून पहिला मसुदा आपल्या बोलीत. मग ५ मिनिटांच्या पाठात मी ‘ण’ शिकवतो, आणि ही प्रमाणभाषा कोणाच्या घरातून आली तेही सांगतो. नळाच्या अर्जाचा दुसरा मसुदा समोरच्या पानावर उतरतो. पहिला खोडायला मी कोणालाच सांगत नाही.